बिबळ्याचा पेला आणि मधुमेहाचा रोगी

यात्रेत किंवा आठवड्याच्या बाजारात तांबूस लाकडाचे पेले विकावयास मांडलेले आढळतात. रात्री त्यात पाणी भरावे, सकाळी ते पिवळसर तांबडे झाले की अनशापोटी प्यावे, म्हणजे मधुमेह हटतो, असे विक्रेता सांगतो. हे लाकूड बिबळ्याचे होय. वैद्य त्यास असन अथवा विजयसार म्हणतात. या पाण्याच्या भरवशावर दवाखान्यातील गोळ्या सोडून देणे धोक्याचे आहे. यास्तव संशोधनाने प्रत्यक्षात काय दाखविले, हे ग्रामकार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बिबळ्याचा गुण ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत त्याची चाचणी घेऊन 1998 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्यानेच निदान झालेल्या 97 रोग्यांस 12 आठवडे रोज 2 ते 4 ग्रॅम औषध देण्यात आले. त्यांपैकी 67 जणांच्या रक्तातील साखर आटोक्यात आली. तथापि मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारे परिमाण 9.8 वरून 9.4 टक्क्यांपर्यंतच उतरले, आणि तुलनेसाठी हे औषध न देता ठेवलेला गटही नव्हता. ही चाचणी आशादायक खरी, पण तेवढ्यावर गोळ्या सोडाव्यात असे मुळीच नाही.

शिवाय चाचणीत औषध मोजून दिले होते. पेल्यातून किती अर्क उतरतो, हे लाकूड गाभ्याचे की बाहेरचे, नवे की महिनाभर वापरलेले, यावर अवलंबून राहते. पिकावरील औषध जो शेतकरी मापाशिवाय फवारीत नाही, त्याने स्वतःच्या देहाबाबत अंदाजावर विसंबावे, हे नवलच!

वनस्पतींपासून औषध निघते, यात शंका नाही. युरोपातील गॅलेगा ही वनस्पती गुरांना विषारी. पण तिच्यातील द्रव्याच्या अभ्यासातूनच मेटफॉर्मिनचा शोध लागला. पॅरिसचे डॉक्टर जाँ स्टर्न यांनी 1957 साली मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. आज आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी ती हीच.

पेल्याचे पाणी पिणाऱ्यास हिणवू नये. त्याचे रक्त तपासून घ्यावे, गोळ्या चालू ठेवावयास सांगावे आणि पेल्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी. दोहोंचा परिणाम एकत्र होऊन साखर फार उतरल्यास घाम सुटतो, हात कापतात, भोवळ येते. ज्या मुलाचे जीवन इन्शुलिनवर आहे, त्याचे इन्शुलिन पेल्यासाठी थांबविणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

आणि झाडाचेही पाहावयास हवे. पेला गाभ्याच्या लाकडाचा, म्हणजे त्यासाठी वाढलेले झाड पडतेच. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत बिबळा आहे. स्वतःच्या बांधावरचे झाडदेखील परवानगीवाचून तोडता येत नाही. व्यापारी दारी आला तर शेतकऱ्याने प्रथम त्याच्याकडे परवान्याची विचारणा करावी.