डेफकॉन्फिग मार आणि पुढे चल!

परवा ऑफिसात एका नव्या पोराने विचारलं, "सर, बिझीबॉक्सचं कॉन्फिगरेशन कोणतं घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलं, "डेफकॉन्फिग मार आणि पुढे चल. हल्ली कोण केबी मोजत बसतंय?"

या वाक्याने दोन दिवस माझं डोकं खाल्लंय. तिथे वाद घातला नाही (मला वेळेवर बोलायला सुचत नाही, हे घरच्यांना माहीत आहेच). म्हणून इथे घालतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राउटर, कॅमेरा असल्या अनेक डब्यांच्या पोटात लिनक्स असतं. फायली दाखवणं, कॉपी करणं, नेटवर्क तपासणं ही कामं मोठ्या कॉम्प्युटरवर वेगवेगळे प्रोग्रॅम करतात. लहान डब्यात तेवढी जागा नसते, म्हणून तिथे बिझीबॉक्स. हा एकच प्रोग्रॅम, पण बहुरूपी. ज्या नावाने हाक माराल ते सोंग घेऊन उभा राहतो. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली तो लिहायला घेतला, डेबियन लिनक्स बसवायची आणि बिघडलं तर वाचवायची सोय एका फ्लॉपीवर मावावी म्हणून. फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. आजच्या मोबाईलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही.

त्या काटकसरीच्या घराण्यातली गोष्ट म्हणजे त्याचा मेन्यू. 'मेक मेन्यूकॉन्फिग' म्हटलं की यादी उघडते. ३०० हून जास्त कमांड्स, आणि कित्येकींच्या पोटात आणखी पर्याय. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. इथे 'नाही' म्हटलेली गोष्ट तयार झालेल्या डब्यात बंद अवस्थेत पडून राहत नाही, ती त्यात नसतेच. आणि 'हो' म्हटलेली गोष्ट डबा विकत घेणाऱ्याला सहसा काढता येत नाही. त्याच्या वतीने आपण एकदाच ठरवतो आणि मोकळे होतो.

डेफकॉन्फिग म्हणजे जवळपास सगळ्याला 'हो'. टेबलावर खेळून बघायला उत्तम. माझं भांडण आहे ते तसाच गिऱ्हाइकाकडे पाठवण्याशी.

"मेमरी स्वस्त झाली" हे मला मान्य आहे. पण जागेचा प्रश्न सुटला म्हणून निवडीचा प्रश्न सुटला, हे कुठलं गणित? घर मोठं झालं म्हणून कोणी दहा दारं ठेवत नाही.

दारावरूनच सांगतो. या यादीत टेलनेटडी नावाची वस्तू आहे. दुरून डब्यात शिरायची जुनी वाट, पासवर्ड उघडाउघडा तारेवरून जातो. खुद्द बिझीबॉक्सच्या मदत-मजकुरातच हा इशारा आहे, आणि त्याऐवजी ड्रॉपबेअर वापरा असा सल्लाही. डेफकॉन्फिग मारणारा तो मजकूर वाचतच नाही, कारण त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. मीही मारलं होतं. पाण्याच्या टाकीची पातळी कळवणारा डबा होता. टेलनेटडी नुसता आत असून आपोआप चालू होत नाही, हे खरं. पण आमची स्टार्टअप स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोजेक्टमधून उचललेली. 'असेल तर चालू कर' अशी एक ओळ तिच्यात बसलेली. होता, म्हणून चालू झाला. पुढे एका गिऱ्हाइकाच्या नेटवर्कवाल्याने फोन करून विचारलं, "तुमच्या डब्यावर २३ नंबरचं पोर्ट उघडं कशाला?" तेव्हा कळलं. डबे दुरून अपडेट करायची सोय नव्हती. आमचा टेक्निशियन भर पावसात मोटारसायकलवरून गावोगाव फिरला, पेन ड्राइव्ह घेऊन. चूक माझी, भिजला तो.

आम्ही थोडक्यात सुटलो. २०१६ साली जग सुटलं नाही. मिराई नावाचा किडा टेलनेट उघडं असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधत फिरायचा, कारखान्यातून आलेले ६० च्या वर नाव-पासवर्ड आलटून पालटून लावून बघायचा. आत शिरल्यावर बिझीबॉक्सकडे 'मिराई' नावाची कमांड मागायचा. अशी कमांड नाही, हे उत्तर आलं की खात्री, बरोबर जागी पोचलो! २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच डब्यांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांना उघडेनात.

"दोष पासवर्डचा होता, बिझीबॉक्सचा नाही," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. बिझीबॉक्सला मीही दोष देत नाही, त्याने तर विचारलं होतं. पण दारच नसतं तर कुलूप तकलादू आहे की नाही हा प्रश्न आला असता का?

आता उलट्या बाजूचे कंजूषही आहेत, त्यांनाही सोडत नाही. १२८ एमबीच्या फ्लॅशमध्ये चार केबी वाचवायला हे लोक '--हेल्प'चा सविस्तर मजकूर काढून टाकतात, शेलमधली आधीच्या कमांड्सची आठवण काढून टाकतात. मग रात्री दोन वाजता दुरुस्तीला बसलेला माणूस आंधळ्यासारखा चाचपडतो. 'सगळं घाला' आणि 'सगळं काढा' ही एकाच आळसाची दोन रूपं. विचार दोघांनीही केलेला नसतो.

माझं मागणं अगदी साधं आहे. 'मेक ऑलनोकॉन्फिग'ने सगळं बंद करून सुरुवात करा. लागेल ते एकेक चालू करा आणि प्रत्येक 'हो'मागचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. अर्धा दिवस जाईल, जाऊ दे. आणि 'बीबीकॉन्फिग' नावाची छोटी कमांड आवर्जून आत ठेवा. हा बिझीबॉक्स कोणते पर्याय निवडून बांधला, ते ती डब्यातूनच छापून दाखवते. पाच वर्षांनी तो डबा उघडणारा आपल्याला ओळखत नसेल, निदान आपण काय ठरवलं होतं ते त्याला कळेल.

असो. सोमवारी त्या पोराला शेजारी बसवून यादी वरपासून वाचायचं ठरवलंय. शेजारच्या खुर्चीलाही बोलावणार आहे. चहा माझ्याकडून :)