स्वमग्न मुले आणि मानधनाचे अर्थशास्त्र

गणेशोत्सवापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत पेण तालुक्यातील हमरापूर-जोहे परिसरात कुणालाही सवड नसते. घराघरांतून गणपतीचे कारखाने, रबरी साचे, रंगाच्या बादल्या आणि रात्री उशिरापर्यंत धडधडणारा रंगफवारणीचा कॉम्प्रेसर. अशाच एका कारखान्यात गेल्या पावसाळ्यात मी दोन तास बसून होतो; मूर्ती पाहण्यासाठी नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन पेण आणि रोहा ह्या दोन तालुक्यांत सहायक मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. ते काम म्हणजे नेमके काय, हे पाहावे म्हणून तिच्याबरोबर गेलो होतो.

तेथे रंगकामाची मजुरी करणाऱ्या एका बाईंचा साडेचार वर्षांचा मुलगा आहे. तो बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, कॉम्प्रेसर सुरू झाला की दोन्ही कान दाबून किंचाळतो. साच्यांचे फाटके तुकडे जमिनीवर एका ओळीत मांडणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. ओळ कुणी मोडली की भिंतीवर डोके आपटतो. ही मुलगी त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. हाक नाही, खाऊ नाही, ‘इकडे बघ’ नाही. तो तुकडा ठेवी, मग ती एक ठेवी. त्याच ओळीत, त्याच्याच पद्धतीने. जवळजवळ अर्धा तास ह्यापलीकडे काही घडले नाही. मग एकदा त्याचा हात थांबला, त्याने तिच्या हाताकडे पाहिले आणि एक तुकडा तिच्यापुढे धरला. आईच्या हातातला ब्रश जागच्या जागी राहिला. तिने लगेच आईला आपल्या जागी बसविले व स्वतः बाजूला सरली. “आता तुम्ही,” एवढेच म्हणाली.

परतताना तिने मासिक अहवालाचा कागद दाखविला. त्यात त्या दिवसाची नोंद होती : ‘गृहभेटी – १’.

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ह्या नोंदीने अस्वस्थ व्हावे हे स्वाभाविक आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा साधा आहे : यंत्राने कापड विणण्याचा वेळ कमी होतो, पण चार वादकांनी वाजवायची रचना दोघांत किंवा निम्म्या वेळात वाजविता येत नाही. म्हणून अशा श्रमाचा खर्च इतर उत्पादनाच्या तुलनेत वाढतच जातो, आणि समाजाने तो जाणीवपूर्वक उचलला नाही तर ते काम बंद पडते, नाही तर कुणाकडून तरी फुकट करून घेतले जाते. वर्गात हा सिद्धांत मी वर्षानुवर्षे सांगितला. तो जोह्याच्या कारखान्यात जमिनीवर बसलेला पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला.

रोहा म्हटले की आम्हा अर्थशास्त्राच्या माणसांना चिंतामणराव देशमुख आठवतात. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते साल १९४३. त्याच साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ‘ऑटिझम’ ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकाच्या नकाशावर आली. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द रूढ झाला आहे, म्हणून मीही वापरतो; पण तो मला पुरता पटत नाही. ह्या मुलांना बाहेरचे जग जाणवत नाही असे त्यातून सूचित होते. जोह्याचा मुलगा कान दाबतो तो जग जाणवत नाही म्हणून नव्हे, सोसवेल त्याहून अधिक जाणवते म्हणून.

पुढची दोन-तीन दशके ह्या विषयात एक मोठा अन्याय झाला. आईच्या मायेत उब नव्हती म्हणून मूल असे झाले, हा समज पाश्चात्त्य देशांत शास्त्र म्हणून मिरविला गेला. ब्रूनो बेटलहाइमचे त्या मताचे गाजलेले पुस्तक १९६७ सालचे आहे. त्याआधीच, १९६४ साली, स्वतः अशा मुलाचा पिता असलेल्या बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने हा समज खोडून काढला होता, आणि १९७७ च्या जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट केला. पुस्तकांतून आई निर्दोष सुटली. आपल्या आळ्यांतून सुटली नाही. आई कामावर जाते, मुलाच्या हाती मोबाइल देते, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, देवाचे काही राहून गेले, असा तऱ्हेतऱ्हेचा ठपका तिच्यावरच येतो. सहायक मानसशास्त्रज्ञाचा पहिला महिना बहुधा मुलासाठी खर्च होतच नाही. घरातल्या सासूला, नवऱ्याला आणि स्वतः आईला हे पटविण्यात जातो की दोष कुणाचा नाही.

ही मुले फार थोडी, असे कुणी समजू नये. देशातील पाच ठिकाणी केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत (उत्तर गोवा त्यांपैकी एक) २ ते ९ वर्षांच्या मुलांत साधारण आठांत एकाला मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली. स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास होते. मोठ्या गावात एखाद-दुसरे तरी मूल असणारच. ते आपल्याला दिसत नाही, कारण पाहुणे आले की ते आतल्या खोलीत असते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वाईट नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम घेतले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याचा समावेश केला. त्या कायद्यान्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो. बालकांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली ह्याच कोकणपट्टीत, पालघरला, सुरू झाला. त्याच्या यादीत स्वमग्नता आहे. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावीत, अशी योजना आहे. पथकात दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. मानसशास्त्रज्ञ नसतो, त्याची जागा जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात कल्पिली आहे.

आणि येथेच गाडे अडते. जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अलिबाग. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या चाळीस बाबींच्या मोजपट्टीवर मुलाची तपासणी व्हावी लागते. ती एका फेरीत होतेच असे नाही. मूल त्या दिवशी रडले, झोपले, अनोळखी खोलीत शिरेनाच, तर पुन्हा या. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार ह्या फेऱ्यांचा हिशेब असा करतो : रोह्याहून अलिबागला जायचे म्हणजे एक खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, तीन खाडे झाले तर ठेकेदार दुसरा माणूस पाहतो. एस.टी.त मूल किंचाळू लागले म्हणून वाटेत उतरावे लागलेले एक कुटुंब मला ठाऊक आहे. ते पुन्हा गेले नाही. कातकरी वाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पाच महिन्यांत जे मूल तुकडा पुढे करायला शिकले, ते पुढचे सहा महिने भट्टीवर कुणाच्या ध्यानीमनीही नसते. फाइलवर शेरा पडतो : ‘पालक अनुपस्थित’.

पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्टसारख्या संस्थांनी विशेष मुलांसाठी जे उभे केले त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पुण्यात पालकांच्याच पुढाकारातून प्रसन्न ऑटिझम सेंटर उभे राहिले, हेही आपल्याला माहीत आहे. पण ज्या पालकांना पुढाकार घेण्याइतकी सवड आणि शिक्षण नाही, त्यांच्या मुलांनी कुणाच्या चांगुलपणाची वाट पाहायची?

आता सहायकाच्या स्थितीकडे येतो, कारण माझा मुख्य मुद्दा तो आहे. निदानावर सही करण्याचा अधिकार तिला नाही, आणि तो नसावा हेही योग्य आहे. पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने बंधनकारक केली ती भोंदूंना आळा बसावा म्हणून. पण सही झाल्यानंतरचे सारे काम सहायकाचे आहे. आठवड्यामागून आठवडे पेण, कासू, नागोठणे, रोहा असे गाडीने हिंडणे, अंगणवाडीत सेविकेशी बोलणे, बापाची समजूत घालणे, मुलाला शौचाची, जेवणाची, केस कापून घेण्याची सवय लावणे. ह्या कामाला वेतन नाही, ‘मानधन’ आहे. नेमणूक अकरा महिन्यांची, कुठल्या तरी प्रकल्पाच्या निधीतून. निधी संपला की नेमणूक संपते. मुलाची स्वमग्नता प्रकल्पाबरोबर संपत नाही.

मानधन हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. अंगणवाडी सेविकांना १९७५ पासून ह्याच शब्दाने कमी पैशांत राबविले गेले. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले, आणि महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपावर जावे लागले. विशेष शिक्षकांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने २०२१ साली दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक असे प्रमाण ठरवून दिले आणि न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पदे अधिसूचित करण्याचा आदेश राज्यांना दिला. शाळेत जाण्याच्या वयाआधी, म्हणजे नेमक्या ज्या वर्षांत मेहनतीला अधिक फळ येते त्या वर्षांत, घरी जाणाऱ्या माणसाच्या पदाबद्दल मात्र कुणी प्रमाण ठरविलेले नाही.

ह्यावर आपल्यातलेच काही मित्र एक उपाय सुचवितात : आशा आणि अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण द्या, काम होईल. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ कुटुंबांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांबरोबर बसून काम केले तर पालक मुलाच्या कलाने घेऊ लागतात आणि मूलही संवादात अधिक पुढाकार घेते, असे त्यात दिसून आले. (सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच प्रयोग चालला, ही गोष्टही आजच्या वातावरणात नोंदविण्यासारखी.) परंतु त्या प्रयोगातील कार्यकर्त्यांना हेच एक काम होते, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे जाणकार होते. तोच निष्कर्ष घेऊन, पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या आणि निवडणुकीची कामे करणाऱ्या सेविकेच्या डोक्यावर आणखी एक बोजा ठेवणे म्हणजे शास्त्राच्या नावाने वेठबिगारी आहे. पालकांना शिकविण्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. आईने मुलाबरोबर बसावे हे खरे. पण ती बसते तेवढा वेळ तिची मजुरी बुडते. त्या खर्चाची बाजू कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढ्यावरून तो खर्च झालाच नाही असे ठरत नाही.

म्हणून मागणी मोजकी असावी असे मला वाटते. पेण आणि रोहा येथील सरकारी रुग्णालयांत प्रत्येकी एक नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या हाताखाली निदान तीन सहायक, वेतनश्रेणीत, प्रवासभत्त्यासह. तपासणीचे मंडळ ठरावीक दिवशी तालुक्याला यावे; मुलाने अलिबागला जाऊ नये. स्थलांतरित कुटुंबाची नोंद ज्या गावी भट्टी असेल त्या गावच्या अंगणवाडीकडे जावी. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावयाचा असतो. तो वर्षाअखेरीस हजार-पाचशेच्या पाकिटांतून वाटून टाकण्याऐवजी आईच्या बुडालेल्या मजुरीसाठी वापरता येईल का, हा प्रश्न आपल्या सदस्यांनी ग्रामसभेत विचारावा. तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे कार्यक्रम आपणही पुष्कळ केले. त्यांची छायाचित्रे चांगली येतात. स्वमग्न मुलाला द्यायला अशी वस्तू नसते, आणि म्हणूनच बहुधा तो आपल्या कार्यक्रमपत्रिकेत आला नाही.

हे मी इतरांना उद्देशून लिहितो आहे असे नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. पंचवार्षिक योजनांचे आकडे त्याला तोंडपाठ होते, पण डोळ्याला डोळा देत नसे, आणि बाक बदलला तर वर्गाबाहेर निघून जाई. वर्गासमोर उभे राहून निबंध वाचण्याचे गुण असत. तो उभा राहिला नाही. मी त्याला उद्धट ठरवून शून्य दिले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. दुसऱ्या वर्षी तो आला नाही, आणि का आला नाही हे मी विचारलेही नाही.

जोह्याच्या त्या बाईंनी निघताना ह्या मुलीला विचारले, “ताई, यो कवा बोलंल?” ती म्हणाली, “तारीख नाही सांगता येणार मावशी. पण आज त्याने स्वतःहून दिलं ना, ते बोलणंच आहे. पुढच्या बुधवारी येते.” तिची नेमणूक ३१ मार्चला संपते. एप्रिलपासून बुधवारी जोह्याला कोण जाणार, असे मी संबंधित कार्यालयाला पत्राने विचारले आहे. पत्र पोचल्याचा शिक्का मारून मिळाला आहे.