इंग्रजीचा कान तयार कसा होणार?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी सलग दहा वर्षे ही भाषा वाचतो, लिहितो आणि तिच्यातील कर्तरी-कर्मणी प्रयोगांची अदलाबदल बिनचूक करतो. एवढा व्यासंग झाल्यावरही दूरध्वनीवर कोणी अपरिचित गृहस्थ साधे इंग्रजी वाक्य बोलला की तो गांगरतो, आणि पलीकडचा माणूस फार भरभर बोलतो अशी तक्रार करतो. तक्रार अगदीच खोटी नाही. दुखणे मात्र निराळे आहे.

‘आय शुड हॅव टोल्ड हिम’ या वाक्यातील पाचही शब्द त्या विद्यार्थ्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. परंतु ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्या तोंडून ते ‘आय शुडव टोल्डिम’ असे बाहेर पडते: ‘हॅव’मधला हकार गळतो, स्वर विरतो, ‘हिम’ मागच्या शब्दाला चिकटतो, आणि ओळखीच्या पाच शब्दांऐवजी दोन-तीन परके शब्द कानावर आदळल्याचा भास होतो. इंग्रजी वाक्यात जोर पडतो तो अर्थवाही शब्दांवर; ‘ऑफ’, ‘टु’, ‘कॅन’ यांसारखी किरकोळ मंडळी त्या आघातांमधल्या फटीत चेपली जातात. उलट मराठीत बहुतेक अक्षरांना आपापला अवकाश मिळत असल्यामुळे मराठी कान त्या चेपलेल्या अक्षरांची वाट पाहत थांबतो, आणि तेवढ्यात वाक्य पुढे निघून गेलेले असते. ही अडचण व्याकरणाच्या नियमाने सुटत नाही. तेच वाक्य पुनःपुन्हा ऐकण्यानेच ती सुटते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांनी इंग्रजी डोळ्यांनी आत्मसात केले, आणि दफ्तरातील खलिते, अर्ज व निवाडे हाच ज्यांचा इंग्रजीशी मुख्य व्यवहार होता त्यांना ते पुरलेही. आजच्या तरुणाला मुलाखत दूरध्वनीवर द्यावी लागते, आणि परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्याला श्रवणाच्या चाळीस प्रश्नांची ध्वनिफीत एकदाच ऐकविली जाते. पुस्तकी तयारीचा तेथे फारसा निभाव लागत नाही.

या कामी खिशातला मोबाइल उपयोगी आहे, हे म्हणणे आता शिळे झाले. पण तो नेमका कशामुळे उपयोगी आहे याचा विचार क्वचितच होतो. इंग्रजी ध्वनी आकाशवाणीवरही होता. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली सुमारे दीड हजार शब्दांत, संथ गतीने बातम्या देणारे ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले होते. तथापि रेडिओ थांबत नाही, आणि निसटलेले वाक्य परत देत नाही. मोबाइलवर दहा सेकंद मागे जाता येते, गती पाऊणपट करता येते, आणि मुख्य म्हणजे तेच वाक्य विसाव्या वेळी विचारले तरी यंत्र कपाळाला आठी घालीत नाही. गुरुजींना तिसऱ्यांदा विचारण्याचे धाडस आपल्या वर्गात कितीजण करतात?

मात्र इंग्रजी मालिका तळाशी अक्षरे लावून तासन् तास पाहणे, याला श्रवणाभ्यास म्हणण्याची जी रूढी पडली आहे ती मला मान्य नाही. तेथे डोळा सारे काम उरकतो आणि कान बसून राहतो. अर्ध्या मिनिटाचा उतारा घ्यावा, चित्र झाकावे, ऐकू आले ते वहीत उतरावे, आणि मगच मूळ संहिता समोर ठेवून कोणते शब्द निसटले ते पाहावे. हे आपले जुने श्रुतलेखनच. फरक इतकाच, की आता बोलणारा गुरुजींप्रमाणे शब्द सुटे करून देत नाही. आरंभ स्पष्ट बोलणाऱ्या भारतीय आवाजांनी करावा, कारण मराठी मुलाला आयुष्यात ऐकावे लागणारे बरेचसे इंग्रजी केरळच्या परिचारिकेचे, दिल्लीच्या अधिकाऱ्याचे किंवा चेन्नईच्या सहकाऱ्याचे असणार. लंडनचा साहेब मागाहून आला तरी चालेल.

बांगलादेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. ब्रिटिश सरकारच्या साह्याने चाललेल्या ‘इंग्लिश इन अॅक्शन’ या योजनेत बीबीसीने २००९ साली ‘जानाला’ ही सेवा काढली: ३००० हा क्रमांक फिरवावा आणि तीन मिनिटांचा पाठ साध्या फोनवर ऐकावा. त्याच योजनेत शिक्षकांना आधी आयपॉड आणि पुढे स्वस्तातले नोकिया फोन, ध्वनिपाठ भरलेले मेमरी कार्ड आणि चार्ज करून वापरता येणारा स्पीकर देण्यात आला. यातला स्पीकर मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. फोनचा स्वतःचा आवाज साठ मुलांच्या वर्गात पहिल्या दोन बाकांपलीकडे पोहोचत नाही, आणि खेडेगावात ऐन तासाला वीज असेलच याची शाश्वती नसते. आपल्याकडेही बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत. वर्गात तो उघडून ऐकविण्याचा शिरस्ता मात्र पडला नाही.

मुलांच्या हाती फोन देण्यास पालक कचरतात, आणि त्यांची भीती अनाठायी नाही. परंतु त्याची गरजच नाही. शिक्षकाचा एक फोन आणि त्याला जोडलेला एक स्पीकर वर्गाला पुरतो. महाविद्यालयांनी लाखो रुपये खर्चून उभारलेल्या आणि बहुधा कुलुपात असलेल्या भाषा प्रयोगशाळांपेक्षा ही तजवीज कितीतरी सोपी आहे.

खरी अडचण गुणांची आहे. दहावीला भाषेचे वीस गुण तोंडी परीक्षेचे असत. ते काढून घेतल्यावर २०१९ सालचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला, ओरड झाली आणि ते गुण परत आले. घसरणीस नवा अभ्यासक्रमही कारण होता, हे खरे. पण वीस गुणांची खिरापत हीच ज्यांची कैफियत होती त्यांना तोंडी परीक्षेत मुले काय बोलतात, काय ऐकतात, याची फिकीर नव्हती. त्या विसांपैकी पाच गुण श्रवणाला द्यावेत. मंडळाने परीक्षेच्या दिवशी सकाळी एक मिनिटाची ध्वनिफीत शाळेच्या फोनवर पाठवावी, ती वर्गात दोनदा वाजवावी, आणि उत्तरे तपासण्यासाठी शेजारच्या शाळेकडे सोपवावीत.