सर्व्हर आळशी नसतो!

परवा शनिवारी ऑफिसातली पाच टाळकी घेऊन आमच्या बीडजवळच्या कपिलधारला गेलो. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन, मग धबधब्याखाली भिजणं वगैरे झालं. येताना मांजरसुंब्याला चहा घेताना एक मित्र बोललाच, "एवढं छान आहे सगळं, मग तुमचं बीड मागास का? लोकच आळशी असणार!"

आळशी? दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो जोडपी उचल घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. आणि त्यांना आळशी म्हणणार कोण, तर एसीत बसणारे आपण!

मी विचारलं, धनंजयराव गाडगीळ माहीत आहेत का? सगळे गप्प.

या माणसाने 1924 साली भारताच्या औद्योगिक बदलांचा इतिहास लिहिला. 1930 मध्ये पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना, 1969 ला, राज्यांना मदत वाटायचं 'गाडगीळ सूत्र' आलं. त्यात 10 टक्के वाटा सरासरीपेक्षा गरीब राज्यांसाठी होता.

पण सूत्र राज्यांपुरतंच. राज्याच्या पोटातल्या विषमतेचं काय? आणि सहकारात ऊस पिकवणारा मालक झाला, तोडणारा नाही. पुढे गोखले इन्स्टिट्यूटच्याच वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 साली जिल्हावार अनुशेष मोजला. सरकारनं अहवाल अधिकृतपणे स्वीकारलाच नाही. आणि 1995 ला, मी जन्मायच्याही आधी, मंजूर झालेली रेल्वे बीडला पोचली 2025 मध्ये!

सर्व्हर पडला की आपण लॉग उघडतो. "सर्व्हरच आळशी" असं कुणी म्हणत नाही. जिल्हा मागे पडला की मात्र लॉग कुणालाच नको असतात. आर्थिक इतिहासकार तेच तर वाचतो. कुठला निर्णय कधी झाला, पैसा कुठे गेला, पाणी कुठे अडलं...

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. "स्कोप काय त्यात?" असं मीच म्हणालो. ती आज टेस्टिंगमध्ये जायची तयारी करतेय. मित्राला झापताना हेच आठवत होतं.

असो. पुढच्या वेळी 'लोकच तसले' म्हणायच्या आधी लॉग उघडा. मीही उघडतोय, जरा उशिराच.