एका सामन्याचा हंगाम

निपाणीच्या एकाच गल्लीतली, एकाच शाळेच्या मैदानावर चेंडू तुडवून मोठी झालेली दोन मुलं बारावीनंतर दोन कॉलेजांत गेली, की फुटबॉलच्या हिशेबात ती दोन वेगळ्या देशांत गेल्यासारखी होतात. एक गेला देवचंद कॉलेजला. कॉलेज निपाणीला खेटून आहे, पण अर्जुननगर म्हणजे तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पिनकोड तेवढा निपाणीचा, ५९१२३७. दुसरा गेला बागेवाडी कॉलेजला. पहिल्याचं विद्यापीठ शिवाजी, दुसऱ्याचं राणी चन्नम्मा. आंतरविद्यापीठ स्पर्धेत महाराष्ट्र पश्चिम विभागात, कर्नाटक दक्षिण विभागात. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ सर आशुतोष मुखर्जी करंडकासाठी अखिल भारतीय फेरीत जातात. म्हणजे या दोन दोस्तांना समोरासमोर खेळायचं, तर आधी दोघांनी आपापल्या विद्यापीठाच्या संघात यायचं, मग एकाने मुंबई-गोव्याकडच्या संघांना हरवायचं आणि दुसऱ्याने केरळवाल्यांना. संध्याकाळी चहाच्या एकाच गाड्यावर ते रोज भेटतात, ती गोष्ट वेगळी!

१ नोव्हेंबर १९५६ च्या रेषेबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. त्यासाठी संपादकांनी वेगळं पान ठेवलंय. मी बोलतोय ते फुटबॉलबद्दल.

आमचं कॉलेज रेषेच्या अलीकडचं. २०१० साली बेळगावला विद्यापीठ झालं, त्याआधी आमची मुलं निवड चाचणीला धारवाडला जायची. आता भुतरामनहट्टीचा पत्ता. अंतर कमी झालं, हंगाम मात्र होता तेवढाच राहिला. गेल्या वर्षी तो मी जवळून पाहिला. आमचे फिजिकल डायरेक्टर हाडाचे कबड्डीवाले. त्याच दिवशी त्यांच्या कबड्डीचीही मॅच होती. स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "सर, ई सल नीव होग्री." मी मराठी शिकवणारा माणूस, ऑफसाईड कळतो एवढीच माझी पात्रता. गेलो मॅनेजर म्हणून.

मुलांनी जुलैपासून सकाळी सहाला सराव केला होता. पावसात मैदानाचं शेत होतं. मग मैदानाच्या कडेच्या मुरमाड पट्ट्यावर पासिंग. सोळा पोरांत बूट अकरा जोड्या, त्याही एकमेकांच्या मापाच्या. गणपती झाले, इंटर्नल झाली, मग यजमान कॉलेजचं पत्र आलं. बाद पद्धत. पहाटेची बस, दहाला मॅच, दोन-एकने हरलो. पावणेबारापर्यंत आमचा वर्षाचा हंगाम संपला. यजमानांनी जेवण चांगलं दिलं होतं, पण कुणाला जेवण गेलं नाही.

येताना बसमध्ये माझ्या शेजारी जो मुलगा बसला, तो शेवटच्या वर्षाचा. तीन वर्षांत तीन सामने, तिन्ही वेळा बाकावर, मैदानात एकंदर बारा मिनिटं. तीन वर्षांचा सहाचा अलार्म आणि बारा मिनिटं! घरून आईचा फोन आला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, "आट मुगीतेनो?" तो म्हणाला, "हां अव्वा, मुगीतु." फोन ठेवून थोड्या वेळाने मला विचारलं, "सर, फुडची मॅच कवा?" हरलेल्या संघाला फुडची मॅच नसते हे त्यालाही ठाऊक होतं. सवयीने विचारलं असावं.

खेळ काही वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. आणि ऐकायला तर फारच गोड. आमचा गोलकीपर "हिंद नोडलेऽ" म्हणून ओरडतो, बॅकवाला "सोड की रं बॉल" म्हणतो, आणि दोघांच्या मधला हाफ दोन्ही ऐकून तिसरंच काहीतरी करतो. लांबच्या संघाविरुद्ध अशी दोन भाषांची सोय कामाला येते म्हणतात. आपल्याकडच्या संघांना मात्र दोन्ही येतात, त्यामुळे गुपित असं काही राहत नाही.

कोल्हापूर आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. तिथे पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल या पेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं. केएसएच्या लीगमध्ये सोळा संघ, आणि हरला तरी खेळाडू पुढच्या आठवड्यात पुन्हा बूट बांधतो. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवलं हे खरं, पण आधी गावात फुटबॉलची हवा होती. इकडे कर्नाटकाने ४ मार्च २०२३ ला रियाधमध्ये मेघालयाला ३-२ हरवून संतोष करंडक आणला, तोही ५४ वर्षांनी. आमच्या घरी त्या दिवशी सासुरवाडीकडून मिठाई आली!

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात ११ छोट्या कॉलेजांनी १९७१ साली एकत्र येऊन आपली एक कॉन्फरन्स केली. आज ही कॉलेजं तिथल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये मोडतात. त्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, टीव्हीचा पैसा नाही. फक्त शेजाऱ्याने शेजाऱ्याशी दरवर्षी खेळायचं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात तिथला प्रत्येक संघ उरलेल्या दहांशी एकेकदा खेळतो. शेवटून पहिला येणाऱ्यालाही दहा सामने!

आपल्याकडे हे का होऊ नये? बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कागल आणि गडहिंग्लज. गडहिंग्लजला तर फुटबॉलचं वेड मोठं, आणि संकेश्वरहून ते अर्ध्या तासावर. सहा कॉलेजं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. प्रत्येकाला दहा सामने, सगळे मिळून तीस. शनिवार दुपार, बसभाडं, डझनभर केळी. बाकावरच्या पोरालाही दहांत दोन-तीनदा तरी संधी मिळेल.

अडचणी आहेत. दुसऱ्या राज्यात संघ न्यायचा तर परवानगी कुणाची, विमा कुणाचा? आणि मुख्य म्हणजे सर्टिफिकेट. नोकरीच्या अर्जात अशा लीगच्या कागदाला फारशी किंमत नाही, आणि आपली गरीब घरची पोरं त्या कागदासाठीही खेळतात. यावर माझ्याकडे तोडगा नाही. विद्यापीठाची स्पर्धा तशीच राहील, ही त्याखेरीज, एवढंच म्हणू शकतो.

मी पाच फिजिकल डायरेक्टरांना पत्रं लिहिली, दोन कन्नडमध्ये, तीन मराठीत. दोघांचा होकार आला. तिसऱ्यांनी फोन करून विचारलं, रेफ्रीचं मानधन कोण देणार? प्रश्न रास्त आहे. येत्या रविवारी संकेश्वरला बसून ठरवायचं आहे. ज्या माजी खेळाडूंना शिट्टी वाजवता येते, त्यांनीही यावं.