विजेच्या दाबाची नोंदवही

महसुली दप्तराशीं ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे त्यास एक गोष्ट निराळी सांगावयास नको. ती ही कीं, जें वहींत चढलें नाहीं तें कचेरींत घडलेंच नाहीं. पाऊस किती पडला याविषयीं गांवांत दहा मतें असतात. परंतु पर्जन्यमापकाचा आंकडा पुढें आला म्हणजे वाद मिटतो. आतां तर मंडळाच्या गांवीं स्वयंचलित यंत्रें बसलीं असून तीं मनुष्याच्या मदतीवांचून नोंद ठेवतात. मात्र ज्या विजेवर बागायतदाराचें सारें पाणी अवलंबून, तिच्या दाबाची नोंद आपण ठेवीत नाहीं. मोटार जळली म्हणजे दाब कमी होता असें आपण म्हणतों. वीज पुरविणारे तो पुरेसा होता असें म्हणतात. पुरावा कोणाजवळच नसतो, आणि नुकसान मात्र एकाच बाजूचें होतें. याकरितां प्रत्येक शेतकरी संघानें विजेच्या दाबाची नोंदवही ठेवावी असें माझें स्पष्ट मत आहे.

कमी दाबानें काय होतें तें प्रथम पाहूं. तीन फेजच्या मोटारीस ४१५ व्होल्ट दाब अपेक्षित असतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे दाब शेंकडा ८० वर, अर्थात् ३३२ व्होल्टांवर उतरला कीं जोर शेंकडा ६४ च उरतो. विहिरींतील पाण्याचें ओझें मात्र कमी होत नाहीं. तें उचलण्यासाठीं मोटार अधिक प्रवाह ओढते, आणि प्रवाह सव्वापट झाला कीं वायंडिंगमधील उष्णता दीडपटीहून अधिक होते. वायंडिंगचें तपमान दहा अंशांनीं वाढलें तर त्यावरील वेष्टणाचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. तिन्ही फेजांचा दाब सारखा नसेल तर याहूनही वाईट. शेंकडा साडेतीन तफावत असली तरी तपमानाची वाढ सुमारें पावपटीनें अधिक होते. सारांश, मोटार ज्या दिवशीं बंद पडते त्याच दिवशीं ती जळलेली असते असें नाहीं. कित्येक महिने ती थोडी थोडी जळत आलेली असते.

स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आहे, मग निराळें यंत्र कशास, असें कोणी म्हणेल. परंतु तो मीटर पाहणाऱ्यापुरताच खरा. रात्रींच्या पाळींत दोन वाजतां सुई कोठें होती हें सकाळीं कोण सांगणार? शिवाय क्षणभर पडलेला दाब सुईवरून समजत नाहीं. हें काम संगणकास जोडावयाचा ऑसिलोस्कोप उत्तम करतो. पूर्वीं हें यंत्र म्हणजे पडदा असलेली जड पेटी असे. हल्लीं तें तळहाताएवढें मिळतें व पडद्याचें काम संगणक करतो. आपल्या विजेचें एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरें होतें. त्या अवधींत हें यंत्र शेंकडों वेळां दाब मोजतें, आणि संगणक त्यावरून परिणामी दाब काढून वेळेसह लिहून ठेवतो. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आपण २३० व्होल्ट म्हणतों तो परिणामी दाब; लाटेचें शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत जातें. वहींत परिणामी दाबच लिहावा.

युरोपांतील ई.एन. ५०१६० या मानकांत दहा मिनिटांची एक सरासरी धरतात. आठवड्यांत अशा १००८ सरासऱ्या होतात, व त्यांपैकीं शेंकडा ९५ ठरलेल्या मर्यादेंत असाव्या लागतात. आपणही हीच रीत धरावी, आणि क्षणिक उतार व वीज गेल्या-आल्याची वेळ निराळी नोंदवावी. संगणक स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असावा, म्हणजे वीज गेली तरी नोंद तुटत नाहीं.

एक इशारा अवश्य दिला पाहिजे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची एक तार बहुधा संगणकावाटे जमिनीशीं जोडलेली असते. ती चुकून फेजला लागली तर यंत्र, संगणक व मनुष्य या तिघांसही धोका आहे. म्हणून मधें २३० चे ९ व्होल्ट करणारा लहान ट्रान्सफॉर्मर फ्यूजसह, किंवा या कामाचा खास डिफरन्शियल प्रोब घालावा. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी, व यंत्राचा आंकडा आरंभीं चांगल्या मीटरशीं ताडून पाहावा.

प्रत्येकानें यंत्र घ्यावें असें मी म्हणत नाहीं. संघानें एक घ्यावें आणि तें पाळीपाळीनें एकेका डी.पी.वर आठ-आठ दिवस ठेवावें. आपलीं शिकलेलीं मुलें संगणक सहज चालवितील. आठवड्याचा तक्ता छापून त्यावर जागा, तारीख व दोघां सभासदांच्या सह्या घ्याव्या. १९५६ च्या विद्युत नियमांनीं कमी दाबाच्या वाहिनीस शेंकडा ६ ची घटवाढ ठरविली होती. त्या हिशेबानें ४१५ व्होल्टांची मर्यादा ३९० ते ४४० येते. ते नियम आतां उरले नाहींत. सबब आयोगाच्या चालू विनियमांतील मर्यादा पाहून ती वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्यावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ मध्यें सेवेचीं मानकें न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे, व कलम ४२ अन्वयें गाऱ्हाणीं ऐकणारा मंच आणि त्यावर लोकपाल आहे. तोंडी तक्रारीपेक्षां तेथें तक्त्याचें वजन निश्चित अधिक पडेल.

परंतु ही वही आपलीही भीड धरणार नाहीं. ६३ के.व्ही.ए.च्या डी.पी.स प्रत्येक फेजवर सुमारें ८८ अँपिअर झेपतात. पांच अश्वशक्तीची मोटार चालतांना सातएक अँपिअर घेते. पण थेट सुरू होतांना त्याच्या सुमारें सहापट. वीज येतांच ऑटो स्विचमुळें दहा मोटारी एकदम उठल्या तर चारशेंवर अँपिअरची ओढ लागते, आणि दाब कोसळतो. तक्त्यांत हा उतार नेमका वीज आल्याच्या क्षणीं दिसेल. तारेवर आकडे पडलेले असतील तर त्यांचा भारही दाबाच्या उताराच्या रूपानें उमटेल. तेव्हां ऑटो स्विच काढणें, कॅपॅसिटर बसविणें व आकडा टाकणाऱ्यास भाऊबंद म्हणून पाठीशीं न घालणें, हें आपल्याकडील काम आहे. स्वतःचा दोष झांकून दुसऱ्याचा दाखविणारी वही कोणत्याही मंचापुढें टिकावयाची नाहीं.

रब्बीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं संघाच्या सभेपुढें हा विषय यावा, आणि यंत्राच्या खरेदीबरोबर वही कोण ठेवणार याचाही ठराव तेथेंच व्हावा, अशी सभासदांस विनंति आहे.