गणिताचे सर पुन्हा बदलले

जून उजाडला की भैंशातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "आमचे गणिताचे सर बदलले." कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: दुसऱ्या शाळेनं पगार जास्त दिला. ते खरंही असतं, पण सगळं तेवढंच नसतं.

पगाराचं आधी बोलू. कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा, एप्रिल २०२१मध्ये, तेलंगणा सरकारनं मान्यताप्राप्त खासगी शाळांच्या शिक्षकांना महिना २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ जाहीर केले. बी.एड. झालेल्या माणसावर ही वेळ येते, तेव्हा त्याला 'शिक्षकी म्हणजे सेवा' असं कुणी ऐकवू नये.

तरीही काही शिक्षक कमी पगारात वर्षानुवर्षं टिकतात. कशामुळे? पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल बघा. चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी जानेवारी १८८०मध्ये काढलेली ही खासगी शाळाच होती. त्यातून १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. तिच्या आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं पत्करलं. गोखल्यांचे ७५ रुपये तर प्रसिद्धच आहेत. आपण त्यांचा त्याग सांगतो, पण संस्था कशी चालवायची हे ती शिक्षकमंडळीच ठरवत, हे सांगायचं राहून जातं. (पैशावरून खटके तिथेही उडालेच. १८९०मध्ये टिळक बाहेर पडले, त्यामागे बाहेरच्या मिळकतीचा वादही होता.)

आजच्या संस्थाचालकांना तो त्याग हवा असतो, पण ती सत्ता द्यायची नसते. वर्ग कोणता, पुस्तक कोणतं, चाचणी कधी, सगळं ऑफिसातून येतं. मे महिन्याच्या उन्हात अॅडमिशन गोळा करायला मात्र शिक्षकच दारोदार. पाच सप्टेंबरला शाल-नारळ, आणि दुसऱ्याच आठवड्यात पालकांसमोर खरडपट्टी. तक्रार आली तर आधी शिक्षकाला एकट्याला बोलावून विचारायला काय खर्च येतो? किंवा एकच तुकडी सलग दोन वर्षं त्याच्याकडे ठेवायला?

आपल्या सीमेवरच्या गावात आणखी एक गोष्ट आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि २०१८च्या कायद्यानं तेलुगूही सक्तीची. गोंधळलेल्या पोराला मधल्या सुट्टीत त्याच्या बोलीत गणित समजावणारे सर किंवा मॅडम असतात. हे काम पगारपत्रकात दिसत नाही. मुख्याध्यापकांनी ते पाहिलंय एवढं कळलं, तरी त्या माणसाला उद्या शाळेत यावंसं वाटतं.

आणि आपण पालक? मुलाला पहिलं अक्षर गिरवायला बासरला नेतो, तिथे हात जोडतो. त्याच मुलाच्या वर्गशिक्षकाचं पूर्ण नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

पुढच्या पालकसभेत फी का वाढली हे तुम्ही विचारालच. त्याच दमात विचारा, गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत, आणि जे गेले त्यांना जाताना कुणी कारण विचारलं होतं का.